बॅजरहत्येचा वाद (इंग्लंड)

गाईगुरांमधला क्षयरोग आटोक्यात आणण्यासाठी बॅजर या रानटी प्राण्याला मारावे की नाही, यावर इंग्लंडमध्ये 1970च्या दशकापासून चाललेला सार्वजनिक वाद. 2013 ते 2023 या काळात सरकारी परवान्याखाली 2 लाख 30 हजारांहून अधिक बॅजर मारले गेले. शेतकरी संघटना, पशुवैद्य, प्राणिमित्र, संसद, न्यायालये असे सगळेच या भांडणात ओढले गेले. गंमत अशी, की दोन्ही बाजू बहुतेक वेळा एकाच प्रयोगाचे आकडे पुढे करत आल्या आहेत.

बॅजर हा पाणमांजराच्या कुळातला निशाचर प्राणी. वजन सुमारे 10-12 किलो, पांढऱ्या तोंडावर काळे पट्टे, आवडते खाद्य गांडुळे. जमिनीखाली बिळांचे जाळे करून तो कुटुंबकबिल्याने राहतो. काही बिळे पिढ्यान् पिढ्या नांदती असतात. केनेथ ग्रॅहम यांच्या ‘द विंड इन द विलोज’ (1908) या पुस्तकातला भिडस्त पण खंबीर मिस्टर बॅजर इंग्रज मुलांच्या ओळखीचा आहे. त्याच देशात कुत्रे सोडून बॅजरचे लचके तोडण्याचा खेळही चालत असे; त्यावर 1835 मध्ये बंदी आली. बॅजरच्या संरक्षणासाठी 1973 मध्ये खास कायदा झाला आणि 1992च्या कायद्याने तर त्याच्या बिळाची नासधूस करणेही गुन्हा ठरले. कायद्याने ज्याचे घरसुद्धा राखले, त्यालाच परवाना काढून गोळी घालायची, हा विरोधाभास या वादाच्या मुळाशी आहे.

रोगाचे कारण ‘मायकोबॅक्टेरियम बोव्हिस’ हा जिवाणू. हा रोग गुरांना होतो, बॅजरला होतो, हरणाला होतो आणि न तापवलेल्या दुधातून माणसालाही होतो. 1930च्या दशकात ब्रिटनमध्ये या वाटेने दरवर्षी सुमारे 2,500 माणसे दगावत. दुधाचे पाश्चरीकरण, गुरांची सक्तीची तपासणी आणि बाधित गुरांची कत्तल या उपायांनी रोग जवळजवळ हटला, पण नैर्ऋत्य इंग्लंडात काही ठिकाणी तो चिवटपणे टिकून राहिला. 1971 मध्ये ग्लॉस्टरशायरमध्ये एक मेलेला बॅजर क्षयग्रस्त आढळला, आणि संशयाची सुई बिळाकडे वळली.

पुढची काही वर्षे उपाय म्हणून बिळांत सायनाइडचा वायू सोडला गेला. हा मृत्यू फार यातनामय असल्याचे दिसल्यावर 1982 मध्ये तो प्रकार बंद झाला. त्यानंतर पिंजरा लावून मारण्याच्या निरनिराळ्या पद्धती आल्या. रोग मात्र पुन्हा वाढू लागला होता.

1997 मध्ये प्राणिशास्त्रज्ञ जॉन क्रेब्स यांच्या समितीने सांगितले, की बॅजर मारल्याने नेमके काय होते हे पाहायचे तर रीतसर प्रयोगच करायला हवा. त्यातून 1998 मध्ये सुरू झालेली चाचणी ही वन्यप्राण्यांवर झालेल्या सर्वांत मोठ्या क्षेत्रीय प्रयोगांपैकी एक. प्रत्येकी 100 चौरस किलोमीटरचे 30 विभाग निवडले गेले आणि त्यांचे तिनातिनांचे 10 गट पाडले. प्रत्येक गटात एका विभागात दरवर्षी सरसकट बॅजर मारायचे, दुसऱ्यात रोग निघालेल्या गोठ्याच्या आसपासचेच मारायचे आणि तिसऱ्यात हात लावायचा नाही. सुमारे 11,000 बॅजर या कामी आले.

निकाल कोणालाच सोयीचा नव्हता. जिथे गोठ्याभोवतीचे तेवढेच बॅजर मारले, तिथे गुरांमधला रोग घटण्याऐवजी वाढला. 2003 मध्ये हा भाग अर्ध्यावर थांबवावा लागला. सरसकट मारलेल्या विभागांत रोग सुमारे 23 टक्क्यांनी कमी झाला, पण त्यांच्या कडेच्या 2 किलोमीटरच्या पट्ट्यात जवळपास तेवढाच वाढला. कारण बॅजरच्या स्वभावात सापडले. प्रत्येक कुटुंबाची हद्द ठरलेली असते. काही जण मारले गेले, की उरलेल्यांच्या हद्दी मोडतात, ते दूरवर भटकतात, परक्या टोळीत मिसळतात आणि रोगही सोबत नेतात. घर उठवलेला बॅजर घरातल्या बॅजरपेक्षा जास्त धोक्याचा, असे हे गणित.

प्रयोगावर देखरेख करणाऱ्या जॉन बोर्न यांच्या स्वतंत्र शास्त्रीय गटाने 2007 मध्ये निष्कर्ष काढला, की रोगनियंत्रणात या हत्येचा म्हणावा तसा उपयोग होणार नाही. त्याच वर्षी सरकारचे मुख्य वैज्ञानिक सल्लागार डेव्हिड किंग यांनी तेच आकडे पाहून उलटा सल्ला दिला: क्षेत्र मोठे घ्या, नदी किंवा समुद्राची नैसर्गिक सीमा निवडा, म्हणजे फायदा होईल. 2011 मध्ये शास्त्रज्ञांनी एकत्र बसून हिशेब मांडला, तेव्हा 150 चौरस किलोमीटरच्या क्षेत्रात चार वर्षे हत्या केल्यास नऊ-साडेनऊ वर्षांत रोगात निव्वळ 12 ते 16 टक्के घट अपेक्षित आहे, यावर एकमत झाले. शेतकऱ्याला त्यात वाचलेली गुरे दिसली. विरोधकाला तसाच राहिलेला 84 टक्के रोग दिसला. असाच गोंधळ दुसऱ्या एका अंदाजाने घातला. 2013च्या एका अभ्यासानुसार गोठ्यात शिरणाऱ्या रोगापैकी बॅजरकडून थेट येणारा वाटा 6 टक्क्यांच्या आसपास. पण त्या गाईंनी पुढे दुसऱ्या गाईंना दिलेला रोगही धरला तर तो निम्म्यावर जातो. कोणत्या सभेत कोणता आकडा ऐकू येणार, हे व्यासपीठ पाहून सांगता येई.

2008 मध्ये मंत्री हिलरी बेन यांनी हत्येला नकार दिला होता. 2010च्या सत्तांतरानंतर धोरण फिरले आणि 2013 मध्ये पश्चिम सॉमरसेट व पश्चिम ग्लॉस्टरशायर इथे प्रायोगिक हत्या सुरू झाली. यात नवे हे, की पिंजऱ्यात न पकडता मोकळ्या रानात रात्री बंदुकीने टिपायचे होते, कारण ते स्वस्त. सहा आठवड्यांत 70 टक्के बॅजर मारण्याचे लक्ष्य होते. सॉमरसेटमध्ये एकूण बॅजरांचा अंदाज आधी सुमारे 2,400 होता, तो मध्येच 1,450 वर आला. मुदतीत 850 मारले गेले. पर्यावरणमंत्री ओवेन पॅटरसन यांनी लक्ष्य हुकल्याचे खापर ‘गोलचे खांब हलवणाऱ्या’, म्हणजे ऐनवेळी खेळाचे नियम बदलणाऱ्या, बॅजरांवर फोडले, आणि व्यंगचित्रकारांना फुटबॉल खेळणारे बॅजर आयतेच मिळाले. तज्ज्ञ मंडळाने 2014 मध्ये या पद्धतीला परिणामकारकता आणि दयाशीलता या दोन्ही कसोट्यांवर नापास केले. तरी मोहीम पुढे नवनव्या परगण्यांत पसरत गेली. रात्री शिट्ट्या आणि टॉर्च घेऊन रानात फिरणारे विरोधक हे त्या वर्षांतले नेहमीचे दृश्य. ‘क्वीन’ या बँडचे गिटारवादक ब्रायन मे त्यांचा सर्वांत ओळखीचा चेहरा झाले.

या गदारोळात गोठ्यातली बाजू अनेकदा झाकली गेली. तपासणीत गाईच्या मानेवर दोन टोचण्या देतात आणि 72 तासांनी गाठ मोजतात. एक गाय जरी बाधित निघाली तरी सगळ्या कळपाच्या विक्रीवर बंदी येते आणि 60-60 दिवसांनी पुन्हा तपासणी होते. मोबदला मिळतो, पण चार पिढ्या जोपासलेला वाण पैशाने परत येत नाही. शिवाय बाधित गुरांपैकी बरीच गुरे या तपासणीतून निसटतात. गोठ्यात लपून राहिलेला रोग किती आणि बॅजरने आणलेला किती, हे वेगळे काढणे म्हणूनच कठीण. 2001च्या लाळ्या-खुरकुताच्या साथीत तपासण्या थांबल्या आणि साथीनंतर रिकामे गोठे भरायला गुरे देशभर फिरली. त्यांच्याबरोबर क्षयही फिरला. त्यात बॅजरचा काही दोष नव्हता.

भारतीय वाचकाला या प्रकरणातला शंभो आठवेल. वेल्समधल्या स्कंद वेल या देवस्थानातला हा सहा वर्षांचा बैल 2007 मध्ये तपासणीत बाधित ठरला. हिंदू भाविकांनी न्यायालयात धाव घेतली. उच्च न्यायालयात ते जिंकले, अपील न्यायालयात हरले, आणि जुलैअखेर पोलीस बंदोबस्तात, भजने चालू असताना शंभोला नेण्यात आले. भारतात बाधित गुरे शोधून मारण्याची देशव्यापी मोहीमच नाही. महाराष्ट्रात गोहत्याबंदी 1976च्या कायद्यात होती, 2015 मध्ये ती बैल-वळूंनाही लागू झाली. त्यामुळे इंग्लंडमधल्या वादात जे गृहीत धरलेले असते, म्हणजे बाधित गाय मारणारच, प्रश्न फक्त बॅजरचा, ते इथे गृहीत धरता येत नाही. इथे दूध उकळण्याची सवय हाच पहिला बंधारा.

न्यूझीलंडमध्ये हाच रोग पसरवणाऱ्या पोसमला मोठ्या प्रमाणावर विष घातले जाते. तिथे वाद असतो तो विषाचा. पोसम हा ऑस्ट्रेलियातून आणलेला, स्थानिक पक्ष्यांची अंडी खाणारा प्राणी असल्याने त्याच्यासाठी कोणी रात्र जागवत नाही.

2018 मध्ये चार्ल्स गॉडफ्रे यांच्या आढावा समितीने बॅजरवर अति लक्ष दिल्याने गुरांची खरेदी-विक्री आणि गोठ्याची स्वच्छता मागे पडली, असा ठपका ठेवला. 2020 मध्ये सरकारने हत्या टप्प्याटप्प्याने कमी करण्याचे जाहीर केले. 2024 मध्ये सरकारी संशोधकांनी दाखवले, की हत्या झालेल्या विभागांत चौथ्या वर्षापर्यंत रोगाच्या नव्या घटना 56 टक्क्यांनी घटल्या. मात्र त्या काळात गुरांवरचे निर्बंधही कडक झाले होते आणि श्रेय वेगळे करता आले नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नव्या मजूर सरकारने या संसदेची मुदत संपेपर्यंत हत्या थांबवण्याचे ठरवले. भर आता बॅजरच्या बीसीजी लसीवर आणि गुरांसाठीच्या लसीवर आहे. गुरांच्या लसीची अडचण अशी, की लस दिलेली गाय जुन्या तपासणीत बाधित म्हणून निघू शकते. म्हणून लस दिलेली गाय आणि बाधित गाय यांतला फरक ओळखणाऱ्या नव्या चाचणीवर काम चालू आहे.

लस टोचायची तरी बॅजर आधी पकडावा लागतो. बिळाजवळ तोच पिंजरा ठेवतात आणि त्यात तेच शेंगदाणे टाकतात, जे मारणारेही टाकत. सकाळी माणूस येतो, सुई टोचतो, तोच बॅजर पुन्हा सापडला तर ओळखू यावा म्हणून थोडे केस कापून रंगाची खूण करतो आणि पिंजऱ्याचे दार उघडतो.