शाळांतील कीडनियंत्रण व कीटकनाशके

शाळेची इमारत, स्वयंपाकघर, धान्याची कोठी व आवार यांतील किडींचा आणि उंदरांचा बंदोबस्त करताना विद्यार्थ्यांना विषबाधा होऊ न देणे, हा शालेय कीडनियंत्रणाचा हेतू होय. वाळवी, झुरळे, डास, उंदीर, धान्यातील सोंडे व गांधीलमाश्या हे शाळांतील नेहमीचे उपद्रवी जीव. त्यांच्यावर योजली जाणारी अनेक द्रव्ये मूळची शेतीतील किंवा हिवतापविरोधी मोहिमांतील असून ती वापरताना मुलांचा स्वतंत्र विचार फार उशिरा झाला. मुलांचे श्वसन व आहार वजनाच्या मानाने प्रौढांहून अधिक असतात; ती जमिनीवर बसतात, हात तोंडात घालतात. त्यामुळे प्रौढाला फारशी न जाणवणारी मात्राही त्यांना अपायकारक ठरू शकते.

पॅराथिऑन व मोनोक्रोटोफॉस यांसारखी कार्बनी फॉस्फरस संयुगे विशेष घातक आहेत. तंत्रिकांच्या टोकांशी असलेल्या ॲसिटिलकोलीन या द्रव्याचे विघटन करणारे एंझाइम ती निष्क्रिय करतात. परिणामी लाळ सुटणे, ओकाऱ्या, बाहुल्या आकसणे, आचके व अखेर श्वासावरोध अशी लक्षणे उद्‌भवतात. ॲट्रोपीन हा प्रमुख उतारा असला, तरी तो वेळेवर मिळावा लागतो आणि खेड्यातील शाळेपासून रुग्णालय बहुधा दूर असते.

भारतातील कीटकनाशकविषयक कायद्याचा उगम एका दुर्घटनेत आहे. १९५८ साली केरळात पॅराथिऑनने दूषित झालेले गव्हाचे पीठ खाल्ल्याने शंभराहून अधिक लोक दगावले. अन्नपदार्थ व विष यांची एकत्र वाहतूक झाली होती. चौकशी आयोगाच्या अहवालानंतर यथावकाश कीटकनाशक अधिनियम १९६८ संमत झाला व १९७१ मध्ये त्याखालील नियम आले. नोंदणी, परवाने, वेष्टनावरील विषारीपणादर्शक रंगीत त्रिकोण, अत्यंत विषारी द्रव्यांवर कवटीचे चिन्ह, अशी ही व्यवस्था विक्रीपर्यंत बरीच तपशीलवार आहे. तथापि अधिनियमाच्या ३८ व्या कलमाने स्वतःच्या घरगुती कामासाठी, परसबागेसाठी वा स्वतः कसत असलेल्या जमिनीसाठी केलेला वापर कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवला. रिकामी वेष्टने फोडून वस्तीपासून दूर पुरावीत, असा नियम आहे; पण कुणब्याच्या घरातील रिकामा डबा सहसा टाकला जात नाही, धुऊन पुन्हा वापरला जातो.

या उणिवेचा सर्वांत दारुण प्रत्यय शाळेतच आला. मध्यान्ह भोजन योजना १९९५ साली सुरू झाली आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २००१ मधील आदेशानंतर शाळाशाळांतून शिजविलेले अन्न देण्यात येऊ लागले. १६ जुलै २०१३ रोजी बिहारमधील सारण जिल्ह्यातील गंडामन येथील प्राथमिक शाळेत भात व सोयाबीन-बटाट्याची भाजी खाऊन २३ मुले मृत्युमुखी पडली. न्यायवैद्यक तपासणीत स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस आढळले. केरळात जे जहाजावर घडले, तेच पंचावन्न वर्षांनी शाळेच्या स्वयंपाकघरात घडले. वाढण्यापूर्वी शिक्षकाने अन्न चाखावे, या सूचनेवर त्यानंतर भर देण्यात आला. विषाची लक्षणे प्रकट होण्यास काही काळ लागत असल्याने चाखणे ही परीक्षा अपुरीच आहे. तेल व धान्य कोठून आणि कोणत्या भांड्यात आले, हे पाहणे अधिक उपयुक्त होय.

अमेरिकेत या प्रश्नाची मांडणी निराळ्या दिशेने झाली. व्हर्नन स्टर्न व त्याच्या सहकाऱ्यांनी १९५९ मध्ये एकात्मिक नियंत्रणाची कल्पना पिकांच्या संदर्भात मांडली : किडीची संख्या नुकसानीच्या मर्यादेजवळ पोहोचल्याशिवाय फवारणी करू नये व नैसर्गिक शत्रूंचा नाश टाळावा. पुढे ती इमारतींना लागू झाली. टेक्ससने १९९१ च्या कायद्याने शाळांना ही पद्धती बंधनकारक केली, तर कॅलिफोर्नियाने २००० च्या कायद्याने पालकांना पूर्वसूचना, तसेच फवारणीपूर्वी २४ तास ते नंतर ७२ तास इशारा फलक लावणे आवश्यक ठरविले. संपूर्ण देशासाठीचे विधेयक मात्र १९९९ पासून वारंवार मांडूनही संमत झाले नाही.

या पद्धतीत फवारणी हा अखेरचा उपाय असतो. भिंतींच्या भेगा बुजविणे, दाराखालील फट बंद करणे, धान्य झाकणाच्या पत्र्याच्या कोठीत ठेवणे, खरकटे त्याच दिवशी हलविणे, पाण्याच्या टाक्या झाकून आठवड्यातून एकदा कोरड्या करणे, ही कामे आधी येतात. ती साधी खरी, पण रोजची आहेत. कंत्राटदाराकडून वर्षातून एकदा फवारणी करून घेणे त्याहून सोपे वाटते, म्हणून ती मागे पडतात. रसायन वापरावेच लागले, तर सुटीत, मुलांच्या हाती न लागणाऱ्या आमिषाच्या रूपात वापरणे बरे. कीटकनाशके मूळ वेष्टनात, कुलूपबंद व स्वयंपाकघरापासून दूर ठेवावी लागतात.

मोनोक्रोटोफॉसचा भाजीपाल्यावरील वापर भारतात बिहारच्या दुर्घटनेपूर्वीच निषिद्ध होता. त्याच्या ३६ टक्के द्रावणाची विक्री थांबविण्याचा आदेश केंद्र सरकारने २०२३ मध्ये काढला व शिल्लक साठा संपविण्यास मुदत दिली. [→ कीटकनाशके].