वाचकाची मोजणी

इंटरनेट पूर्वीसारखे माणसांचे राहिले नाही, ही तक्रार हल्ली सर्रास ऐकू येते. काही शोधावे तर आधी जाहिराती दिसतात. लेख उघडावा तर तो कोणी लिहिला याचा पत्ता लागत नाही. खालच्या प्रतिक्रिया माणसांच्या की यंत्राच्या, याचीही खात्री नसते. दोष बहुधा जाहिरातींना दिला जातो. या तक्रारीचा इतिहास पाहताना मला हे निदान अपुरे वाटू लागले. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला. तेव्हापासूनची आपली दिवाळी अंकांची परंपरा जाहिरातींचा आधार घेतच चालत आली आहे. सराफांच्या आणि बँकांच्या पानांमुळे अंकातली माणसे हरवली, असे कोणी म्हटलेले नाही. मग इंटरनेटवर वेगळे काय घडले?

पहिला प्रसंग ३ मे १९७८ चा. इंटरनेटचे पूर्वरूप असलेल्या अमेरिकेतील अर्पानेटवर गॅरी थर्क या विक्री अधिकाऱ्याने सुमारे ४०० जणांना आपल्या कंपनीच्या नव्या संगणकांच्या प्रात्यक्षिकाचे आमंत्रण पाठवले. पत्ते छापील यादीतून हाताने टंकून घेतले होते. लोक चिडले आणि थर्क यांना समज मिळाली. आगाऊपणा खरा, पण पाठवणारा माणूस होता, रागावणारी माणसे होती आणि जाब कोणाला विचारायचा हेही ठाऊक होते.

१२ एप्रिल १९९४ रोजी हे चित्र बदलले. अ‍ॅरिझोनातील लॉरेन्स कँटर आणि मार्था सीगल या वकील दांपत्याने ग्रीन कार्ड सोडतीची जाहिरात यूजनेटवरील हजारो चर्चागटांत टाकली. हे काम एका छोट्या प्रोग्रॅमने केले. पाठवणाऱ्याचे श्रम जवळजवळ शून्य आणि ती बाजूला सारण्याचे श्रम मात्र हजारो माणसांचे, हा विषम हिशेब इथे पहिल्यांदा ठळकपणे दिसला.

त्याच वर्षी २७ ऑक्टोबरला ‘हॉटवायर्ड’ या अमेरिकी संकेतस्थळावर जाहिरातीच्या पट्ट्या झळकल्या. व्यवहार मासिकासारखाच होता: पानावरची जागा ठरावीक काळासाठी विकलेली. फरक एवढाच की पट्टीवर किती जणांनी क्लिक केले, हे आता मोजता येत होते. १९९४ मध्येच नेटस्केप कंपनीतील लू माँटुली यांनी ‘कुकी’ तयार केली. ग्राहकाने टोपलीत काय टाकले हे दुकानाच्या संकेतस्थळाला लक्षात राहावे, हा तिचा एक साधा उपयोग. जाहिरात कंपन्यांनी पुढे तिचाच वापर करून एका वाचकाला अनेक संकेतस्थळांवर ओळखायला सुरुवात केली.

आपल्याकडे संशोधन संस्थांतील मंडळी एर्नेटवरून आधीच जोडलेली होती. सर्वसामान्यांसाठी विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी मुंबईसह मोजक्या शहरांत सेवा सुरू केली, तेव्हा ती पट्टी जेमतेम दहा महिन्यांची होती. म्हणजे मुंबईच्या पहिल्या वर्गणीदारांना जे इंटरनेट मिळाले, त्याच्या बाजाराची घडी बसायला आधीच सुरुवात झाली होती.

१९९८ मध्ये सर्गेई ब्रिन आणि लॅरी पेज यांनी आपल्या शोधयंत्रावर निबंध लिहिला. जाहिरातींवर चालणारे शोधयंत्र ग्राहकापेक्षा जाहिरातदाराकडे झुकेल, असा इशारा त्यात होता. २००० मध्ये त्यांच्याच गूगलने शोधशब्दांवर जाहिराती विकायला काढल्या. त्याच दशकाच्या अखेरीस तत्काळ लिलाव रुळू लागले. पान उघडत असतानाच, निमिषार्धात, ते उघडणाऱ्यासाठी यंत्रे आपसांत बोली लावू लागली.

माझ्या मते खरे वळण इथे आहे. छापील अंकात जाहिरातदार पान विकत घेतो. तो लेखकांवर आणि संपादकाच्या नावावर भरवसा ठेवतो. लिलावात तो वाचक विकत घेतो आणि पान निमित्तमात्र उरते. तोच वाचक टाकाऊ पानावर स्वस्तात मिळत असेल, तर चांगल्या पानाला जास्त पैसे कशाला? मग लेखकाशिवाय तयार होणारी पाने फायद्याची ठरतात. आजची लेखनयंत्रे येण्याआधीच ही मागणी तयार होती.

पुढची पायरी म्हणजे माणसाशिवायचा वाचक. अमेरिकी सरकारने २०१८ मध्ये दाखल केलेल्या ‘मेथबॉट’ खटल्यात हा प्रकार तपशिलाने आला. आरोपींनी १,९०० हून अधिक सर्व्हर भाड्याने घेतले आणि ५,००० हून अधिक संकेतस्थळांची नावे बनावटपणे वापरली. त्यांचे प्रोग्रॅम माउस हलवत, पान खाली सरकवत, व्हिडिओ मध्येच थांबवत. रेंगाळणाऱ्या माणसाची ती नक्कल होती. जाहिरातदारांना ७० लाख डॉलरहून अधिक भुर्दंड पडला. पान खोटे, वाचक खोटा, फक्त पैसे खरे.

याची किंमत खऱ्या वाचकाने मोजली. अ‍ॅलन ट्युरिंग यांनी १९५० मध्ये सुचवलेल्या कसोटीत परीक्षक माणूस होता. २००० च्या सुमारास कार्नेगी मेलन विद्यापीठात ‘कॅप्चा’ घडली, ती यंत्रांना खोटी खाती उघडता येऊ नयेत म्हणून. तिच्यात परीक्षक यंत्र आहे. वाकडी अक्षरे वाचून किंवा चित्रातले सिग्नल ओळखून आपण माणूस असल्याचा पुरावा त्याला देतो.

म्हणून जाहिरात असावी की नसावी, हा प्रश्न मला दुय्यम वाटतो. पैसे कशाचे मोजले जातात, हा मुख्य प्रश्न आहे. नजरांच्या मोजणीवर पैसे मिळत राहिले तर नजरा तयार करणारी यंत्रे वाढणारच. वर्गणी भरणारा वाचक आणि नावानिशी लिहिणारा लेखक हा व्यवहार जुना आहे, संथ आहे, पुष्कळदा तोट्याचाही आहे. पण त्यात कोण कोणाशी बोलतो आहे हे दोघांनाही ठाऊक असते, आणि चुकले तर पत्र पाठवायला पत्ता असतो.