डार्विनचे दोन कोल्हे

शनिवारची दुपार, लाइट गेलेली आणि लॅपटॉपची बॅटरी संपलेली. अशा वेळी कपाटातून जी जाडजूड पुस्तकं निघतात त्यातलं एक म्हणजे डार्विनचं बीगल जहाजावरच्या प्रवासाचं वर्णन. थेट गालापागोसच्या प्रकरणावर उडी मारायची म्हणून उघडलं आणि आधीच चिलोए बेटावर अडकलो. कारण तिथे थिओडोलाइट निघाला!

मंडळी, मी मूळचा सिव्हिलचा. (हसू नका, आमच्या टीममध्ये निम्मे लोक सिव्हिल नाहीतर मेकॅनिकलचे आहेत.) सर्व्हे कॅम्पला तो थिओडोलाइट खांद्यावर वाहून वाहून माझा खांदा गेला होता. कोन काही केल्या जुळायचे नाहीत, आणि गावातली दोन कुत्री समोर बसून आमचा तमाशा एकाग्रतेने बघायची.

तर, डिसेंबर १८३४. चिलीच्या दक्षिणेला चिलोए, त्याच्याजवळच सान पेद्रो नावाचं छोटं बेट. बीगलवरचे दोन अधिकारी कोन मोजायला उतरलेले आणि खडकावर बसून एक कोल्हा ते काम बघतोय. इतका गुंग, की डार्विन गुपचूप मागून चालत गेला आणि दगड फोडायचा हातोडा त्याच्या डोक्यात घातला. मग पेंढा भरून रवानगी लंडनला. वर डार्विनसाहेब विनोदही करतात, की इतर भाईबंदांपेक्षा हा जरा जास्तच शास्त्रीय वृत्तीचा, पण कमी शहाणा होता. मला मात्र ती दोन कुत्री आठवली आणि कसंतरीच झालं.

(एक कंस इथेच उघडतो. आपण मराठीत 'कोल्हा' म्हणतो तो खरं तर जॅकल. फॉक्स म्हणजे खोकड. आणि दक्षिण अमेरिकेतले हे सगळे 'फॉक्स' खऱ्या खोकडांपैकी नाहीतच, ते लांडगा-कुत्रा-कोल्हा या शाखेच्या जास्त जवळचे. म्हणजे इंग्रजीपेक्षा आपलाच शब्द कमी चुकीचा! कंस बंद.)

डार्विनला भेटलेला दुसरा कोल्हा म्हणजे फॉकलंड बेटांवरचा 'वारा'. फॉकलंड म्हटलं की आपल्याला १९८२चं युद्ध आठवतं, पण त्या बेटांचा मूळचा, जमिनीवर राहणारा सस्तन प्राणी एकच होता, हा. मुख्य भूमी चारशेहून अधिक किलोमीटर लांब. झाडं नाहीत, उंदीर नाहीत. खायला बदकं, पेंग्विन, सील. आणि हजारो वर्षांत याला घाबरवणारं कुणी भेटलेलंच नाही.

१६९०मध्ये कॅप्टन स्ट्राँगने एक वारा जहाजावर घेतला. तो बिचारा काही महिने राहिला, पण तोफा उडाल्यावर घाबरून समुद्रात उडी मारून गेला. १७६५मध्ये बायरनच्या खलाशांच्या दिशेने हे प्राणी कुतूहलाने धावत आले, तर खलाशांना वाटलं हल्लाच झाला, आणि ते पाण्यात पळाले. तंबूत शिरून झोपलेल्या खलाशाच्या उशाखालचं मांस ओढून न्यायचे म्हणे! डार्विन १८३३ आणि १८३४ असा दोनदा तिथे गेला, तेव्हा गुरं राखणारे गाउचो त्यांना कसं मारायचे हे त्याने लिहून ठेवलंय : एका हातात मांसाचा तुकडा, दुसऱ्या हातात सुरा. बस्स. बंदूक नाही, सापळा नाही.

डार्विनने तेव्हाच लिहिलं, की वस्ती वाढली की हा प्राणी डोडोच्या रांगेत जाणार. आणि गेलाच. १८३९मध्ये अमेरिकन कातडीवाल्यांनी बरेच मारले. १८६०च्या दशकात मेंढपाळ आले, त्यांनी विष घातलं. १८६८मध्ये एक वारा जिवंत लंडनच्या प्राणिसंग्रहालयात पोहोचला. तिकडे त्याला बघायला तिकीट, इकडे विष. शेवटचा मारला गेला १८७६मध्ये, पश्चिम फॉकलंडवर. म्हणजे भाकीत केलं तेव्हा अजून चाळीसेक वर्षं हातात होती. प्रोजेक्टची डेडलाइन चुकणार हे पहिल्याच मीटिंगला सगळ्यांना कळतं आणि मिनिट्समध्ये लिहिलंही जातं, तसलाच प्रकार.

तो बेटावर पोहोचला कसा हा प्रश्न डार्विनलाही छळत होता. २०१३मध्ये जुन्या हाडांच्या डीएनएवरून कळलं, की मुख्य भूमीवरच्या एका नामशेष भावंडापासून तो साधारण १६,००० वर्षांपूर्वी वेगळा झाला. हिमयुगात समुद्र उतरलेला, मधली खाडी अरुंद, कदाचित गोठलेली. चालत आला असावा. २०२१मध्ये मात्र, युरोपीय येण्याआधीही तिथे माणसं येऊन गेल्याचे पुरावे पुढे आले, त्यामुळे माणसांनीच आणला असेल का हा वाद अजून चालू आहे.

आता परत हातोडीवाल्याकडे. तो वाचला! बरीच वर्षं लोक त्याला साध्या चिला कोल्ह्याची बेटावरची जात समजत होते. पण १९९०मध्ये चिलोएपासून सुमारे सहाशे किलोमीटर उत्तरेला, नाउएलबुताच्या डोंगरातल्या जंगलात त्याचीच वस्ती असल्याचं प्रसिद्ध झालं, आणि १९९६मध्ये डीएनएने सिद्ध केलं की ही प्रजातीच वेगळी. पुढे मधल्या किनारी जंगलातही तो सापडला. तरी सगळे मिळून प्रौढ कोल्हे अडीच हजारांच्या आतच, आणि यादीत नोंद 'धोक्यात'.

धोका कुणाचा? जंगलतोड आहेच. पण आता हातोडा नाही, सुराही नाही. कुत्री! जंगलालगतच्या घरांतली मोकळी फिरणारी कुत्री त्याला मारतात, आणि डिस्टेंपर दिला तर एखादी छोटी वस्तीच साफ होऊ शकते. कुत्र्यांना लस टोचा आणि मोकळं सोडू नका, हा उपाय तर सरळ आहे. पण शेतावरचं कुत्रं बांधून ठेवा, हे शेतकऱ्याला जाऊन सांगणार कोण?

मला ते पटवता आलं नसतं. आमच्या सोसायटीच्या गेटवरच्या तिघांना मीच रोज पार्ले-जी घालतो, आणि त्यांना लस दिली आहे का, हे मी आजवर एकदाही विचारलेलं नाही. उद्या रविवार आहे, विचारतो.