जाळ्यात चुकून कोण सापडते?

भिवापूर म्हटले की नागपूरकरांना तिथली लाल मिरची आठवते. पण या तालुक्याला पाण्याचाही मोठा इतिहास आहे. पूर्वेला वैनगंगा, तिच्यावर गोसीखुर्दचे धरण, आजूबाजूला मालगुजारी काळातले तलाव आणि उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्याचे जंगल. हे अभयारण्य २०१२ साली जाहीर झाले. त्याच्या वाघांवर वर्तमानपत्रांनी पानेच्या पाने लिहिली. इथल्या पाण्यात जाळ्यात अडकून गुदमरणाऱ्या कासवावर मात कुणी चार ओळी लिहिल्याचे दिसत नाही. म्हणून हा लेख.

आपल्या नद्यांत सुईसारख्या लांब चोचीचा एक मासा असतो. इंग्रजीत त्याला गोड्या पाण्यातला गार म्हणतात. तो पाण्याच्या वरच्या थरात फिरतो. त्याच्या चोचीत बारीक दात असतात आणि जाळ्याच्या धाग्यात तेच आधी अडकतात. मगरीच्या कुळातल्या घडियालचेही असेच आहे. त्याचा जबडा लांब आणि दातेरी, त्यामुळे एकदा धागा गुंतला की सुटका नाही. बाबराने आपल्या आत्मचरित्रात हिंदुस्थानातल्या प्राण्यांचे जे वर्णन केले आहे, त्यात घडियालही आहे आणि पाण्यात लावलेल्या जाळ्यावरून उड्या मारून निसटणारे मासेही आहेत. पाचशे वर्षांपूर्वी सैन्याच्या धास्तीचा विषय असलेला घडियाल आज मोजक्याच नद्यांत उरला आहे, आणि मासेमारीची जाळी हे त्याचे एक कारण आहे.

आता आपल्या भागाकडे येऊ. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह याने अठराव्या शतकाच्या सुरुवातीला नागपूर वसवले, हे बहुतेक वाचकांना माहीत असेल. गोंड राजवटीत पूर्व विदर्भात तलाव बांधणाऱ्यांना जमिनी आणि हक्क मिळत. कोहळी समाजाने बांधलेले तलाव त्यातूनच उभे राहिले. तलाव सिंचनासाठी होता, पण त्यातली मासोळी ढिवरांची रोजीरोटी होती. ढिवर फेकजाळे वापरत, बांबूचे सापळे लावत. जाळे सुताचे असे. सूत पाण्यात राहिले की कुजते, म्हणून जाळे काढून वाळवावे लागे. याचा एक परिणाम कुणी मुद्दाम ठरवलेला नव्हता, पण फार मोलाचा होता. जाळे माणसाच्या हातात राही. फेकले, ओढले, पाहिले. त्यात कासव आले तर ते जिवंत असे आणि परत पाण्यात जाई.

विसाव्या शतकाच्या मध्यावर तीन गोष्टी जवळजवळ एकाच वेळी बदलल्या.

पहिली, मालकी. मध्यप्रांतातली मालगुजारी १९५१ साली संपली आणि तलाव सरकारकडे गेले. आज आपण त्यांना ‘मामा तलाव’, म्हणजे माजी मालगुजारी तलाव म्हणतो. मासेमारीचा हक्क पुढे ठेक्याने, सहकारी संस्थांमार्फत मिळू लागला. ठेक्याची रक्कम भरायची तर मासळी किलोत मोजावी लागते.

दुसरी, बियाणे. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात हिरालाल चौधरी यांनी संप्रेरकाची सुई देऊन कार्प माशांचे प्रजनन यशस्वी केले. त्यानंतर कटला, रोहू, मृगळ यांचे बीज गावोगावच्या तलावांत पोहोचले. गरिबाच्या ताटात मासा आला, हे उपकार नाकारता येणार नाहीत. पण मत्स्यशेतीच्या पुस्तकांनी बाकीच्या माशांना ‘तण’ आणि ‘भक्षक’ ठरवले. बीज सोडण्याआधी मोहाची ढेप टाकून त्यांना मारण्याचा सल्ला दिला. चोचवाला मासा, मरळ, पाणमांजर हे सगळे एका रात्रीत हिशेबातले शत्रू झाले.

तिसरी, धागा. नायलॉन आले. ते कुजत नाही, पाण्यात दिसत नाही आणि हलके असते. पडद्यासारखे जाळे संध्याकाळी लावायचे आणि पहाटे काढायचे, हे सोपे झाले. कासव आणि पाणमांजर हवेत श्वास घेतात. रात्रभर पाण्याखाली अडकले की ते बुडून मरतात. जाळ्याचा फाटका तुकडा पाण्यात राहिला तरी तो वर्षानुवर्षे शिकार करत राहतो, आणि ती शिकार कुणाच्याच पोटात जात नाही.

त्यावर १९८८ साली राजीव गांधींच्या हस्ते गोसीखुर्दची पायाभरणी झाली. पुढे वाहत्या नदीचा विस्तीर्ण जलाशय झाला. त्यात नागपूरचे सांडपाणी नाग आणि कन्हान नद्यांतून उतरते, जलपर्णी माजते. वाहत्या पाण्याची सवय असलेल्या माशांचे आणि ढिवरांचे, दोघांचेही गणित मोडले.

या इतिहासात ढिवराला गुन्हेगार ठरवणे सोपे आहे. कासव वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येते, म्हणून सापडलेले मेले कासव तो गुपचूप फेकून देतो. कायद्याच्या भीतीने माहितीच पुरली जाते. १८९७ च्या मत्स्य कायद्याने सुरुंग आणि विष वापरून मासे मारण्यास बंदी घातली होती. म्हणजे साधनावर बंधन घालण्याची कल्पना जुनीच आहे. मग आज फक्त माणसालाच का धरायचे?

जगातही ‘नको असलेला’ जीव काळाप्रमाणे बदलत गेला आहे. अमेरिकेत टेक्सास राज्याने १९३० च्या दशकात मोठ्या गार माशांना मारण्यासाठी विजेचा झटका देणारी बोट बनवली होती. त्याच राज्याने २००९ साली एका माणसाने दिवसाला एकच अ‍ॅलिगेटर गार धरावा, अशी मर्यादा घातली. मासा तोच होता, त्याच्याकडे पाहणारे डोळे बदलले.

आपल्या महाराष्ट्रातही एक चांगले उदाहरण आहे. समुद्रात जाळ्यात अडकलेले कासव किंवा देवमाशासारखा संरक्षित जीव जाळे कापून सोडणाऱ्या मच्छीमाराला नुकसानीपोटी २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना राज्याने डिसेंबर २०१८ मध्ये आणली. दयेचा खर्च एकट्या गरिबाने सोसू नये, एवढीच त्यामागची साधी समज. कोकणातला मच्छीमार जाळे कापून फोटो पाठवू शकतो, कारण त्याला शिक्षेची भीती नाही आणि जाळ्याचे पैसे मिळण्याची आशा आहे.

वैनगंगेकाठच्या ढिवरालाही हीच वागणूक हवी. जुन्या नायलॉन जाळ्याच्या बदल्यात काही मोबदला, रात्रभर जाळे न सोडण्याचा संस्थेचा स्वतःचा नियम, जाळ्याच्या आसावर बंधन, आणि सापडलेल्या जीवाची नोंद करणाऱ्याला अभय. तलाव बांधणाऱ्यांनी पाणी, शेत आणि मासोळी यांचा एकत्र विचार केला होता. आपण त्यांचे तलाव वापरतो, तर त्यांची ही रीतही वापरायला हरकत नाही.