निळ्या झाकेचे निदान

एका हौशी रेडिओचालक मित्राच्या मोठ्या अॅम्प्लिफायरमधला जळालेला रेझिस्टर बदलला, तेव्हा मी शेजारी होतो. यंत्र सुरू करताच नवाही जळाला. दोष रेझिस्टरमध्ये नव्हताच. पडून राहिलेल्या व्हॉल्व्हच्या निर्वात पोकळीत वायू साठला होता आणि उच्च दाबाला आत ठिणगी पडत होती. व्हॉल्व्ह बदलला, तेव्हा यंत्र चालले. गंमत अशी, की या वायूला एके काळी कोणी दोष मानतच नव्हते.

ली डी फॉरेस्ट यांनी १९०६च्या सुमारास तापता तंतू आणि पट्टिका यांच्यामध्ये जाळी बसवून ‘ऑडिऑन’ घडवला. नळीत उरलेल्या वायूमुळेच तो चालतो, अशी त्यांची समजूत होती. १९१२ मध्ये त्यांनी तो अमेरिकेतल्या टेलिफोन कंपनीला दाखवला. विद्युतदाब वाढवला, की नळीत निळे धुके भरे आणि प्रवर्धन थांबे. कंपनीतील भौतिकशास्त्रज्ञ हॅरोल्ड अर्नोल्ड यांनी त्या निळाईत रोग ओळखला. इलेक्ट्रॉन वायूच्या अणूंवर आदळून त्यांचे आयन करतात. मग प्रवाह जाळीला जुमानत नाही आणि धन आयन उलट धावून तंतूलाच झिजवतात. उपाय एकच: नळी अधिक निर्वात करणे. जनरल इलेक्ट्रिकमध्ये अर्व्हिंग लँगमुइर स्वतंत्रपणे तिथेच पोहोचत होते.

१९१५ मध्ये व्हर्जिनियातील आर्लिंग्टनच्या केंद्रात अशा सुमारे ५०० नळ्या एकत्र जोडल्या गेल्या आणि तिथून उच्चारलेले शब्द पॅरिसच्या आयफेल टॉवरवर ऐकू आले.

पुढे वाद न्यायालयात गेला. १९३१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने लँगमुइर यांचे पेटंट अवैध ठरवले. वायू आणि आयनीभवन यांचा संबंध आधीच ठाऊक होता, म्हणून जास्त निर्वात करणे हा शोध नव्हे, असा निवाडा झाला. कायद्याने तो योग्य असेल. पण ठाऊक असलेली गोष्ट समोरच्या नळीत ओळखता येणे ही वेगळी विद्या आहे, असे मला वाटते.

ती आजही लागते. काचेच्या भिंतीवरची निळी चमक बहुधा निरुपद्रवी असते, पोकळीतली मात्र घातक. सिरॅमिकच्या व्हॉल्व्हमध्ये तर काहीच दिसत नाही. तिथे ऋण दाबाच्या जाळीतून उलट वाहणारा प्रवाह मोजावा लागतो. माझ्या मित्राने तो मोजला, पण दोन रेझिस्टर गमावल्यावर.