उश्गुली

उश्गुली : जॉर्जियाच्या वायव्य भागातील वरच्या स्वानेती प्रदेशातला, मध्ययुगीन दगडी मनोऱ्यांसाठी प्रसिद्ध असलेला ग्रामसमूह. काकेशस पर्वतात, एंगुरी नदीच्या उगमाजवळ तो समुद्रसपाटीपासून सुमारे २,१०० मी. उंचीवर वसला आहे. मुर्कमेली, चाझाशी, च्विबियानी व झिबियानी या त्यातील प्रमुख वाड्या. खोऱ्याच्या माथ्याशी श्खारा हे जॉर्जियातील सर्वोच्च शिखर (सु. ५,२०० मी.) आहे. वर्षातील जवळपास सहा महिने येथे बर्फ असते. ‘यूरोपातील सर्वांत उंचावरचे गाव’ अशी उश्गुलीची जाहिरात होते. मात्र काकेशसमध्येच दागेस्तानातील कुरूश हे गाव याहून उंचावर, सुमारे २,५०० मी.वर आहे.

गावाभोवती सलग तटबंदी नाही. येथे प्रत्येक कुटुंबाने आपल्या घरालाच मनोरा जोडून त्याची गढी केली. बहुतेक मनोरे नवव्या ते बाराव्या शतकांतील मानले जातात. ते तीन ते पाच मजली असून भिंतींची जाडी वर जाताना कमी होत जाते, त्यामुळे मनोरा निमुळता दिसतो. माथ्यावर बाहेर काढलेले सज्जे व जंग्या असून तेथून थेट पायथ्यावर मारा करता येई. आत जिना नाही. एका मजल्यावरून दुसऱ्यावर लाकडी शिडीने, जमिनीतील झरोक्यातून जावे लागते. संकटात शिडी वर ओढून घेतली की खालचा मार्ग बंद होई.

मनोऱ्याला लागून असलेले घर साधारणतः दुमजली असते. तळमजल्याला ‘माचुबी’ म्हणतात. हे एकच मोठे दालन असून मध्यभागी उघडी चूल असते. भिंतीलगत नक्षीदार लाकडी कठड्याआड गुरे बांधली जात आणि त्यांच्यावरच्या फळ्यांवर माणसे झोपत. हिवाळ्यात गुरांच्या अंगची ऊब सर्वांना मिळे. ‘दरबाझी’ हा वरचा मजला चारा व अवजारे ठेवण्यासाठी आणि उन्हाळ्यात राहण्यासाठी वापरीत. याच मजल्यावरून मनोऱ्यात जाण्याचा दरवाजा असे.

या बांधणीला बाहेरच्या शत्रूइतकीच गावातली वैरेही कारणीभूत होती. उश्गुली ज्या ‘मुक्त स्वानेती’त मोडे, तेथे सरंजामदारांची सत्ता नव्हती, तंटे कुळांमध्येच मिटत किंवा पेटत. खुनाचा बदला खुनाने घेण्याची चाल असल्याने पिढ्यान्‌पिढ्या वैर चाले आणि कुटुंबाला मनोऱ्याचा आसरा घ्यावा लागे. एकोणिसाव्या शतकात हा प्रदेश रशियन साम्राज्यात गेला. सोव्हिएट काळात मिखाइल कलाटोझोव्ह याने येथील खडतर जीवनावर सॉल्ट फॉर स्वानेतिया (१९३०) हा मूकपट काढला.

झिबियानीच्या वरच्या अंगाला लामारिया हे माता मेरीचे मध्ययुगीन चर्च असून त्यात जुनी भित्तिचित्रे आहेत. चाझाशीवरच्या टेकडीवरील किल्ल्याचे अवशेष तामार राणीच्या (कार. ११८४–१२१३) नावाने ओळखले जातात, तिचे दफन उश्गुलीत झाल्याची दंतकथा आहे. चाझाशीतील मध्ययुगीन घरांची संख्या यूनेस्कोने २०० हून अधिक नोंदविली असून १९९६ मध्ये वरच्या स्वानेतीचा जागतिक वारसास्थळांत समावेश झाला.

लोक स्वान भाषा बोलतात. लेखन मात्र जॉर्जियनमध्ये होते. बटाटे, गुरे, गवत आणि आता पर्यटन ही उपजीविकेची साधने आहेत. मांसाचे सारण भरलेली ‘कुब्दारी’ भाकरी आणि लसूण, धने, निळी मेथी व मिरची घालून कुटलेले स्वान मीठ येथे घरोघरी असते. १९८७ च्या हिमप्रपातांनंतर स्वानेतीतील अनेक कुटुंबांना सखल प्रदेशात हलविण्यात आले. आज उश्गुलीत अवघी काही डझन कुटुंबे उरली आहेत.

मेस्तिया या तालुक्याच्या ठिकाणाहून उश्गुली सुमारे ४५ किमी. आहे. जीपने एका दिवसात जाऊन येता येते. पायी जाणारे वाटेतल्या गावांत मुक्काम करीत साधारण चार दिवसांत पोहोचतात. गावातून श्खारा हिमनदीपर्यंतही पायवाट आहे. जून ते सप्टेंबर हा काळ सोयीचा. बरेच मनोरे आजही कुटुंबांच्या खासगी मालकीचे आहेत, तेव्हा आत शिरण्यापूर्वी घरच्यांची परवानगी घ्यावी.