बाळगोळी कुणी दिली?

गेल्या पावसाळ्यात आमच्या वस्तीत भांडण झालं. एक पोरगी कपडे शिवायच्या कारखान्यात जाते. तिचं सात महिन्यांचं पोर शेजारची मावशी दिवसभर सांभाळते, महिन्याचे पैसे घेते. पोर दुपारभर झोपतं आणि संध्याकाळी आईच्या अंगावर नीट पीत नाही, म्हणून आईला संशय आला. मावशीच्या फळीवर सर्दी-खोकल्याच्या औषधाची बाटली सापडली. मग काय, झिंज्या, शिव्या, एकमेकीचं मढं. मला बोलावलं. मी मंडळाचा माणूस. सूतगिरणीतून पाळी करून आलेलो, केसात कापूस तसाच. मी मावशीला म्हणालो, "पैसे घेतेस आणि पोराला गुंगी देतेस? लाज नाही वाटत?"

मावशी रडली नाही. म्हणाली, "पाच पोरं हायेत माझ्याकडं, हात दोन. उद्या तू ये, बस."

घरी येऊन आज्याला हे सांगितलं. आजा बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "माझ्या आधी एक बहीण होती."

१९३९ च्या सुमाराची गोष्ट. माझी पणजी मुंबईत गिरणीत वायंडिंगला होती. पोरगी चार महिन्यांची. चाळीतल्या एका म्हातारीकडं ठेवून ती भोंग्याला निघायची. म्हातारीही आपल्यातलीच. जन्म गिरणीत घालवून खोकला घेऊन बाहेर पडलेली, निराधार. एका खोलीत सहा पोरं घेऊन बसायची. त्याच खोलीत रातपाळी करून आलेले दोन गडी झोपलेले असायचे. पोर रडलं की त्यांची झोप मोडायची, झोप मोडली की ते म्हातारीला मारायला उठायचे. म्हातारी पोरांना बाळगोळी द्यायची. बाळगोळी म्हणजे अफू घातलेली बारीक गोळी.

एका संध्याकाळी पणजी पोर न्यायला गेली, तर पोर उठलंच नाही.

पणजीनं म्हातारीला केसाला धरून जिन्यापर्यंत ओढत नेलं. चाळ जमली, पंच बसले. म्हातारी पंचांसमोर एवढंच म्हणाली, "गोळ्या आणून कोण देत होतं, इचारा हिला." पणजी मान खाली घालून बसली. गोळ्या तीच आणून द्यायची. रविवारी, धुणं असलं की, स्वतःच्या हातानंही द्यायची.

पंचांनी काय निकाल दिला ते आज्याला ठाऊक नाही. पणजी मात्र मरेपर्यंत त्या म्हातारीला शिव्या घालत होती, एवढं त्याला आठवतं.

मित्रांनो, मी शाळेत नववीपर्यंतच गेलो. पण आज्याच्या या गोष्टीनं मला वाचनालयात नेऊन बसवलं. तिथं कळलं की ही एकट्या पणजीची गोष्ट नाही. १९२०-२२ च्या काळात मुंबई सरकारनं डॉ. बार्न्स नावाच्या डॉक्टरणीला गिरणीतल्या बायांची हालत तपासायला नेमलं होतं. तिनं लिहून ठेवलं की गिरणी कामगारांच्या शंभरातल्या ९८ तान्ह्या पोरांना अफू दिली जाते. १९२१ साली मुंबईत एका खोलीत राहणाऱ्यांची हजारी ८२८ पोरं वर्षाच्या आत मेल्याची नोंद आहे. गावाकडं जन्मलेली पोरं मुंबईच्या जन्माच्या वहीत नसायची, मरणाच्या वहीत मात्र असायची. म्हणून आकडा फुगला, हे खरं. तरी त्याच वहीत चार किंवा जास्त खोल्यांच्या घरात हाच आकडा १३३ आहे.

अफूनं पोर झोपतं. झोपल्यामुळं दूध मागत नाही. न प्यायल्यामुळं सुकतं आणि पुढच्या हिवतापात किंवा हगवणीत जातं. मग लोक म्हणतात, तापानं गेलं. तिकडं पणजीची चोळी कामावर दुधानं भिजायची. ती संडासात जाऊन दूध पिळून टाकायची आणि परत चाकावर उभी राहायची. १९३४ च्या कायद्यानं दिवसाला दहा तास काम चालत होतं.

साहेब लोकांनी अहवालात लिहिलं, आया अडाणी आहेत. पण अफू विकत कोण होतं? अफूचा मक्ता सरकारचा, दुकानाला परवाना सरकारचा, महसूल सरकारच्या तिजोरीत. १८९५ साली अफूच्या शाही कमिशननं अहवाल देऊन टाकला की हिंदुस्थानात अफूनं फारसं बिघडत नाही. म्हणजे विकणारा शहाणा आणि विकत घेणारी अडाणी!

आणि पणजी चार महिन्यांचं पोर टाकून कामावर का गेली? कारण नवऱ्याच्या पगारात घर भागत नव्हतं. का भागत नव्हतं? कारण जास्त पगाराचं विणकाम खातं अस्पृश्यांना बंद होतं. धोट्यातून धागा तोंडानं ओढावा लागायचा आणि महाराच्या तोंडचा धोटा सवर्ण विणकऱ्याला चालत नव्हता. १९२८ च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढं ठेवला, तो उगाच नाही. जात फक्त पाणवठ्यावर नव्हती. ती पगाराच्या पाकिटात होती आणि तिथून बाळगोळीत उतरली.

त्याच साली २८ जुलैला बाबासाहेब मुंबईच्या कायदेमंडळात प्रसूती भत्त्याच्या बिलावर बोलले. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं देशाच्या हिताचं आहे, म्हणून तिचा भार सरकारनं उचलावा, आणि बाईच्या श्रमातून फायदा घेणारा मालकही सुटत नाही, असा त्यांचा मुद्दा होता. १९२९ ला कायदा झाला. पण भत्ता थोड्या आठवड्यांचा. पुढं पोराचं काय? १९३४ च्या कायद्यात पन्नासहून जास्त बाया असतील तिथं पोरांसाठी खोली ठेवायला लावण्याचा अधिकार प्रांतिक सरकारला मिळाला. सक्तीचं पाळणाघर १९४८ च्या फॅक्टरी कायद्यात आलं. १९७६ ला पन्नासाच्या तीस झाल्या.

मालकाचं गणित सोपं होतं. बाया कमी ठेवल्या की पाळणाघर नको. १९२० च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत पाच कामगारांमागं एक बाई होती. १९८२ च्या संपापर्यंत बाया नावाला उरल्या होत्या. या गळतीला कारणं अनेक. रातपाळीची बंदी, नवी यंत्रं. पण पाळण्याचा खर्च वाचला तो मालकाचाच. आणि पाळणा परत वस्तीतल्या कुठल्या तरी म्हातारीच्या खोलीत गेला.

२०१७ च्या दुरुस्तीनं बाया मोजणं सोडून पन्नास माणसं असतील तिथं पाळणाघर सांगितलं, आणि आईला दिवसातून चारदा पोराकडं जायची मुभा दिली. आमच्या त्या पोरीच्या कारखान्यात मशीन दीडशेच्या वर. हजेरीपटावर माणसं अठ्ठेचाळीस. बाकी सगळी ठेकेदाराच्या वहीत.

हे कळल्यावर मी मावशीकडं परत गेलो, चुकलो म्हणालो. बाटली मात्र तिच्यासमोरच मोरीत ओतली. गुंगीला माफी नाही, पोराचा जीव जातो. पण भांडण तिथं संपवलं नाही. पाचही पोरांच्या आया बसवल्या. प्रत्येकीनं थोडे जास्त द्यायचे आणि मावशीच्या जोडीला दुसरी बाई ठेवायची असं ठरलं. आपल्याच गरिबीतून काढलेले पैसे आहेत ते, त्याला विजय म्हणू नका. दुसरं, हजेरीपट आणि ठेकेदाराची वही एकत्र मोजा, असा अर्ज लिहिला. त्यावर आयांच्या सह्या आहेत आणि मावशीचा अंगठाही आहे. कारण तीही कामगारच आहे.

अर्जाला अजून उत्तर नाही. पोर आता दुपारी रडतं, गल्लीला ऐकू येतं.

कार्यकर्त्या मित्रांनो, जयंतीचा मंडप घालताना तुमच्या वस्तीत एवढं विचारा. तान्ही पोरं दिवसा कुणाकडं असतात? एका बाईकडं किती? आईच्या कारखान्यात हजेरीपटावर माणसं किती आणि मशीनवर किती? वहीत मांडा आणि आम्हाला पाठवा. पणजीच्या पोरीचं नाव आज्यालाही माहीत नाही. निदान आताच्या पोरांची नावं तरी आपल्या वहीत असू द्यात.

जयभीम.